दादाच्या गाडीचे जड ब्रेक

डेपोतून बस बाहेर काढायची तर शेवटची सही काकांची लागायची. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलेलं असायचं, माणसं आत बसून घड्याळं बघत असायची, आणि काका चाकाखालून डोकं बाहेर काढून एवढंच म्हणायचे, "थांबा!" एकतीस वर्षांत हा शब्द त्यांनी इतक्या वेळा उच्चारला की त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं. नवा साहेबसुद्धा आठवड्याभरात त्यांना थांबाकाका म्हणायला लागायचा.

त्यांच्यामुळे वेळापत्रकाची वाट लागायची, यात शंका नाही. पण त्यांनी सही केलेली एकही बस ब्रेकच्या दोषानं कुठे धडकली नाही. कुणी कौतुक केलं की काका कानामागे खाजवत म्हणायचे, "यात हुशारी कसली? बाकीचे एकदा मोजतात, मी तीनदा मोजतो."

निवृत्त झाल्यावर घराला लागून असलेल्या शेडमध्ये ते ओळखीपाळखीच्यांच्या गाड्यांचे ब्रेक बघून द्यायचे. एका गाडीपुरती जागा, भिंतीला पाने ओळीनं टांगलेले, आणि कोपऱ्यात एक स्टूल. काकूंचा नियम एकच होता, ग्रीसचे हात घेऊन उंबरठा ओलांडायचा नाही.

एका सकाळी दादाचा फोन आला. दादा म्हणजे काकांचा थोरला भाऊ, सहा वर्षांनी मोठा. जन्मभर गावोगाव फिरून पाण्याचे पंप विकलेला, बोलायला लागला की समोरच्याला गुंडाळून टाकणारा माणूस.

"धाकट्या, माझ्या गाडीला ते ब्रेकचं नवं यंत्र बसवून दे. पाय नुसता टेकवला की गाडी थांबली पाहिजे."

कुठली गाडी, हे काकांना विचारावं लागलं नाही. दादाकडे पंचावन्न वर्षांपूर्वीची एक परदेशी स्पोर्ट्स कार होती. दोनच सीटांची, गडद हिरवी, वर छत नाही, आणि इतकी बुटकी की आत बसलं की टबात बसल्यासारखं वाटे. तिनं तिसऱ्या मालकाच्या हातून तरुण दादाच्या हातात उडी मारली आणि तिथंच राहिली. त्या काळच्या गाड्यांप्रमाणे तिच्या ब्रेकला कसलीच मदत नव्हती. पेडलवर पायाचा जितका जोर, तितकी गाडी थांबणार. वेगात असताना दाबायचं तर सगळं अंग त्या एका पायावर टाकावं लागे.

आणि दादाचा उजवा पाय आता पूर्वीचा राहिला नव्हता. आदल्या वर्षी पाठीच्या मणक्यात नस दबली, ऑपरेशन झालं, चालणं परत आलं, पण पावलातला जोर गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले होते, "घरची साधी गाडी चालवा. जड पेडलची ती जुनी मात्र नको. ऐन वेळी तुमचा पाय दगा देईल." दादानं यातून आपल्याला हवा तो अर्थ काढला. पेडल हलकं केलं की झालं.

"बघतो," काका म्हणाले.

"बघतो म्हणजे?"

"बघतो म्हणजे बघतो, दादा."

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी आल्या, न कळवता. खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या, पर्स मांडीवर घट्ट धरून. काकूंनी चहा ठेवला, वहिनींनी त्याला हात लावला नाही.

"भाऊजी, एक मागणं आहे. त्यांना सांगा, होत नाही म्हणून."

"काय होत नाही?"

"ते ब्रेकचं. या गाडीला बसतच नाही, जागा नाही, भाग मिळत नाहीत, तुम्हाला काय सुचेल ते सांगा. माझं ऐकत नाहीत. डॉक्टरांचं ऐकत नाहीत. ब्रेकच्या बाबतीत तुमच्या शब्दापुढे जाणार नाहीत." वहिनींनी पर्सची चेन उघडून पुन्हा लावली. "ऑपरेशनच्या वेळी मी त्या बाकावर सात तास बसले होते. पुन्हा नाही बसायचं मला तिथं."

काकांनी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. वहिनी गेल्यावर काकू कपबशी उचलताना म्हणाल्या, "सांगाल हो. पण फोनवरून सांगा. खोटं बोललात की तुमचे कान लाल होतात, आख्ख्या घराला दिसतं."

काकांना त्या गाडीत न बसून एकेचाळीस वर्षं झाली होती. ते बावीस वर्षांचे असताना दादानं त्यांना शेजारी बसवून उतारावरून गाडी पळवली होती. खाणीजवळच्या वळणावर गाडी रस्ता सोडून कुंपण तोडत शेतात गेली आणि खडीच्या ढिगावर आदळली. दादाला खरचटलं, काकांचं गळ्याजवळचं हाड मोडलं. त्या संध्याकाळी दादानं वडिलांना सांगितलं, "ब्रेक लागलेच नाहीत." घरात आजतागायत ती हकिकत तशीच सांगितली जात होती. पुढे काकांनी ब्रेकचंच काम धरलं, तेव्हा सगळ्यांना ते साहजिक वाटलं.

वहिनींना दिलेला शब्द असा नव्हताच, पण काका दादाकडे निघाले ते खोटं बोलायची मनाची तयारी करूनच. मात्र जाताना त्यांनी न्हाणीघरातला वजनकाटा काखोटीला मारला. सवय जात नाही.

दादाला खुर्चीत बसवून त्यांनी काटा भिंतीला उभा टेकवला. "पाय लाव आणि दाब. जीव खाऊन."

डाव्या पायानं दादानं बहात्तर किलो दाबले. उजव्यानं दात-ओठ खाऊन चौतीस. काकांनी पुन्हा दाबायला लावलं. तेहतीस. तिसऱ्यांदा पुन्हा चौतीस. गाडीचे ब्रेक ऐन वेळी लागायचे तर पन्नासच्या पुढे जोर हवा होता. आणि यंत्र बसवलं तर वीसही पुरणार होते.

वहिनी दारात उभ्या होत्या. काकांनी त्यांच्याकडे बघितलं, काट्याकडे बघितलं, आणि तयार करून आणलेलं वाक्य त्यांनी सोडून दिलं. होत नाही असं नव्हतं. होत होतं. आणि न केलं तर हा माणूस एक दिवस हट्टानं चौतीस किलोवर गाडी बाहेर काढणार, हेही त्यांना स्पष्ट दिसत होतं.

"करून देतो," ते म्हणाले. "एका अटीवर. किल्ली माझ्याकडे राहील. माझं समाधान झालं तरच तुला मिळेल. मी थांब म्हटलं की थांबायचं, तोंडातून ब्र काढायचा नाही."

"मान्य!" दादा लहान मुलासारखा ओरडला. वहिनी आत गेल्या. थोड्या वेळानं स्वयंपाकघरात भांडी आपटल्याचा आवाज यायला लागला.

गाडी शेडमध्ये आली. काम समजायला सोपं, करायला किचकट होतं. इंजिन चालताना हवा आत ओढतं. त्या ओढीचा उपयोग करून पायाचा जोर वाढवणारा एक पत्र्याचा गोल डबा असतो, त्याला बूस्टर म्हणतात. पाय डब्याला ढकलतो, डबा आपला जोर मिसळून पुढच्या सिलिंडरला ढकलतो, आणि सिलिंडरमधलं तेल चारी चाकांचे ब्रेक आवळतं. काकांनी एका लहान नव्या गाडीचा बूस्टर निवडला. त्याला जागा करायला बॅटरी उचलून मागे डिकीत नेली. जाड पत्र्याचा कंस दोनदा कापला, दोनदा टाकून दिला, तिसरा बसला. इंजिनपासून हवेची नळी आणली, तिच्यात ओढ परत फिरू न देणारा व्हॉल्व्ह बसवला.

दादा रोज येऊन स्टुलावर बसायचा. पाने मागितले की चुकीचे द्यायचा आणि वर सल्ले द्यायचा.

सगळ्यात नाजूक काम होतं आतल्या काडीचं. बूस्टर आणि सिलिंडर यांच्यामध्ये बोटाएवढी एक पोलादी काडी असते. पाय पेडलवर नसताना तिचं टोक आणि सिलिंडर यांच्यात पाऊण मिलिमीटर फट राहायलाच हवी. फट जास्त झाली तर पेडल पोकळ लागतं. आणि फटच राहिली नाही तर काडी सिलिंडरला सतत किंचित दाबून धरते. मग तापून फुगलेल्या तेलाला परत जायला वाट उरत नाही, आणि ब्रेक आपोआप आवळत जातात.

काका काडीचा नट फिरवून माप घेत होते. एकदा मोजलं, नट जरा फिरवला, दुसऱ्यांदा मोजलं.

स्टुलावरून दादा म्हणाला, "हे यंत्र तेव्हा असतं ना, तर त्या वळणावर तुझं हाड मोडलं नसतं."

काकांचा हात थांबला. "तेव्हाही ब्रेक चांगले होते, दादा."

"काय?"

"ब्रेक चांगले होते. तिसऱ्या दिवशी, गळ्यात हात अडकवलेला असताना, मी चाकं काढून बघितली होती. एका हातानं. चाकाला मधे एकच मोठा नट, तो हातोडीनं ठोकून. तेल भरलेलं होतं, पॅड नवे होते, काही गळत नव्हतं. तू वेगात होतास. फार वेगात."

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"एकेचाळीस वर्षं मनात ठेवलंस?" दादाचा चेहरा उतरला होता, पण आवाज चढला. "आणि आज तोंडावर फेकतोस? माझा पाय असा झाल्यावर?"

"तू बाबांना सांगून टाकलं होतंस. मी काय करणार होतो?"

दादा उठला. हातातली काठी दाराच्या चौकटीला आपटली, तो सावरला आणि मागे न बघता निघून गेला. काका तसेच उभे राहिले. हातात पाना होता. त्यांनी नट आणखी जरासा फिरवला, सिलिंडर जागेवर बसवला, दोन्ही नट आवळले, आणि वहीत 'काडी' या शब्दापुढे बरोबरची खूण केली.

चार दिवस दादा फिरकला नाही. काकांनी नळ्या जोडल्या, तेल भरलं, आणि नळ्यांमधली हवा काढायला काकूंना ड्रायव्हरच्या जागी बसवलं.

"दाबू?"

"दाब."

"सोडू?"

"मी म्हणेपर्यंत सोडू नकोस!"

"आधी नीट सांगत जा. तुमच्या डेपोत नाही मी नोकरीला." शेवटी इंजिन सुरू करून काकूंनी पेडल दाबलं तेव्हा त्या चकित झाल्या. "अहो, हे तर माझ्या शिलाई मशीनच्या पेडलसारखं आहे!"

पाचव्या दिवशी दादा आला. डोक्यावर टोपी, अंगात गाडी चालवायचं जुनं चामडी जाकीट. झाल्या गोष्टीबद्दल अवाक्षर नाही. काकांनीही विषय काढला नाही. त्यांनी आधी शेडपुढच्या जागेत गाडी फिरवायला लावली, मग गल्लीत, मग बाजारामागच्या रिकाम्या रस्त्यावर. दादानं पाय टेकवला की गाडी नम्रपणे थांबत होती. तो दर वेळी काकांकडे बघून भुवया उडवत होता.

"आता टेकडी," दादा म्हणाला.

टेकडीचा रस्ता बारा किलोमीटर चढाचा, आणि वर पाण्याची मोठी टाकी. खरी परीक्षा तिथंच होती, हे काकांनाही मान्य होतं. ते शेजारी बसले. वारा कानात शिरत होता. दादा एकेक वळण घेत होता, प्रत्येक वळणाआधी ब्रेक, गिअर, मग पुन्हा वेग. त्याच्या चेहऱ्यावर वर्षभरात न दिसलेला रंग चढला होता. काकांच्या लक्षात आलं की आपणही हसतो आहोत.

अर्ध्या वाटेवर ते म्हणाले, "गाडी जरा मागून कुणी धरल्यासारखी वाटत नाही?"

"चढ आहे. आणि तिचंही वय झालंय."

वर पोचल्यावर काकांनी ठरल्याप्रमाणे वहिनींना फोन केला. "पोचलो. सगळं ठीक." मग ते पुढच्या चाकापाशी वाकले आणि हाताचा तळवा थोडा दूर धरला. ऊब आली. जरा जास्तच आली. पॅड नवे होते, बसेपर्यंत तापतातच, हे खरं होतं. पण डेपोत एखाद्या बसचं चाक असं तापलेलं असतं तर त्यांनी काय म्हटलं असतं हेही त्यांना माहीत होतं.

दादानं इंजिन सुरू केलं होतं. "चल रे! ऊन आहे तोवर उतरू." वर्षभर काठी टेकत फिरणारा माणूस त्या क्षणी तिशीतला दिसत होता.

शब्द काकांच्या ओठांवर आला होता. त्यांनी तो गिळला आणि ते गाडीत बसले.

पहिली दोन वळणं ठीक गेली. तिसऱ्या वळणाआधी काकांना वास आला, करपल्यासारखा उग्र, वाऱ्यानं लगेच उडून गेलेला. त्यांनी मान बाहेर काढून पुढच्या चाकाकडे पाहिलं. पांढुरक्या धुराची एक बारीक रेघ मागे पळत होती.

"दादा, हळू. बाजूला घे."

दादानं पेडल दाबलं. गाडी हवी तितकी हळू झाली नाही. त्यानं आणखी दाबलं. "धाकट्या, पेडल दगडासारखं झालंय. पण गाडी..."

पुढचं त्याला बोलावं लागलं नाही. काकांना सगळं एकदम दिसलं. ब्रेक सुटतच नव्हते. चढतानाही ते किंचित लागलेले होते, आता पुरते आवळले होते, आणि घासून घासून पॅड इतके तापले होते की त्यांची पकडच संपली होती. रस्ता खाली धावत होता. डाव्या हाताला दगडी कठडा, त्यापलीकडे काही नाही.

दादाचा हात किल्लीकडे गेला.

"किल्लीला हात लावू नकोस!" काका ओरडले. "इंजिन बंद झालं तर उरलीसुरली मदतही जाईल. गिअर खाली घे. तिसरा."

दादानं गिअर घातला. इंजिन किंचाळलं, गाडीनं झटका दिला.

"आता दुसरा."

"जाणार नाही. वेग आहे."

"ॲक्सिलरेटरला एक टोला दे आणि घाल. तुला येतं. आयुष्यभर तेच केलंस."

गिअरचे दाते करकरले, आणि तो बसला. काकांनी दोन सीटांमधला हँडब्रेक धरला. तो फक्त मागच्या चाकांना लागणारा, आणि मागची चाकं अजून तेवढी तापलेली नव्हती. बटण अंगठ्यानं दाबून धरून, म्हणजे तो अडकून चाकं घसरणार नाहीत अशा बेतानं, त्यांनी तो इंच इंच वर ओढला, सैल सोडला, पुन्हा ओढला. दादा दोन्ही पाय पेडलवर ठेवून उभाच राहिला होता. उजवा पाय थरथरत होता.

"वळण!" दादा म्हणाला.

"दिसतंय. आतल्या बाजूनं घे. स्टिअरिंग झटकू नकोस."

टायर रडले. कठडा काकांच्या कोपरापासून हातभर अंतरावरून गेला. वळण संपलं तेव्हा पुढे, डोंगराच्या अंगाला, रस्ता दुरुस्तीवाल्यांनी पसरून ठेवलेली खडी दिसली.

"खडीत घाल."

"काय?"

"खडीत घाल, दादा! सरळ!"

गाडी रस्ता सोडून खडीत शिरली. खाली दगड तडतडले, नाक रुतलं, काकांच्या छातीला पट्टा करकचून बसला, आणि सगळं थांबलं. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

मग दादानं विचारलं, "हाड?"

"शाबूत," काका म्हणाले.

खाली उतरून काकांनी न राहवून चाकाला हात लावला आणि तळव्याला फोड घेऊन मागे ओढला. हँडब्रेक पक्का ओढून, मागच्या चाकाला दगड लावून, त्यांनी बॉनेट उघडलं. खिशातून पाना काढला आणि सिलिंडर बूस्टरला धरून ठेवणारे ते दोन नट थोडे थोडे सैल केले. सिलिंडर आपणहूनच दोन मिलिमीटर पुढे सरकला. लगेच वरच्या बाटलीत कोंडलेलं तेल उसळून आलं. पेडल मऊ झालं.

काडी लांब होती. फट नव्हतीच. शेवटचा नट फिरवल्यावर त्यांनी तिसऱ्यांदा मोजलं नव्हतं, आणि तरी वहीत खूण केली होती. ते गाडीच्या मडगार्डला टेकून खाली बसले.

दादा जवळ येऊन उभा राहिला. "काय झालं?"

काकांनी सांगितलं. काही न लपवता, कुठल्या क्षणी पाना हातात होता आणि कुठल्या क्षणी माप राहिलं, तेही.

दादानं रस्त्याकडे पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाला, "घरी यातलं काही सांगायचं नाही. इंजिन तापलं म्हणू. ओढून न्यायची गाडी का बोलावली याला तेवढं कारण पुरतं. तुझी वहिनी पुन्हा मला गाडीला हात लावू देणार नाही, धाकट्या."

"नाही."

"अरे, कुणाला काही झालेलं नाही..."

"या वेळी ब्रेकचाच दोष होता, दादा. आणि ब्रेक माझे होते. ते मी सांगणार."

दादा काहीतरी टोलवणार असं वाटलं, पण तो टोपी काढून खडीवर बसला आणि म्हणाला, "मी फार वेगात होतो. तेव्हा. तू म्हणालास तसं." इतकंच. दोघं ओढगाडी येईपर्यंत तिथं शेजारी शेजारी बसून राहिले.

वहिनींनी दार उघडलं. काकांनी आत न जाता उंबरठ्यातच सांगायला सुरुवात केली, कारण आत गेलो तर धीर सुटेल असं त्यांना वाटलं. वहिनी ऐकत होत्या. सांगून संपल्यावर त्यांची नजर काकांच्या तळव्यावर गेली. त्या आत गेल्या, मलमाची ट्यूब आणून टेबलावर ठेवली, आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. त्या दिवशी पुढे त्या कुणाशीच बोलल्या नाहीत.

तीन आठवडे दोन्ही घरांत अबोला होता. काकूंनी मध्यस्थी करायचा प्रयत्न केला, तेव्हा वहिनी फोनवर म्हणाल्या, "रागावू नका, पण मला 'सगळं ठीक' या शब्दांचीच आता भीती वाटते."

काकांनी शेडला कुलूप लावलं होतं. आठ दिवसांनी उघडलं. जळलेले पॅड काढले, तेल सगळं ओतून टाकलं, पुढच्या ब्रेकमधली रबरं उष्णतेनं गेली असणार म्हणून नवी घातली. काडी मोजली तेव्हा ती हवी त्यापेक्षा दीड मिलिमीटर लांब निघाली. ती त्यांनी नव्यानं बसवली. मग जे एकेचाळीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं, ते स्वतः त्या गाडीच्या स्टिअरिंगवर बसले. एकटे टेकडीवर गेले आणि आले, तीन दिवस, तीन वेळा. दर चार किलोमीटरला थांबून, उतरून चाकं तपासत.

चौथ्या दिवशी शेडच्या दारात वहिनी उभ्या होत्या.

"कुठे चुकलं ते दाखवा मला," त्या म्हणाल्या.

काकांनी सिलिंडर खोलला. पाऊण मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी त्यांच्या हातात दिली आणि फट दाखवली. वहिनींनी चष्मा सावरून ती पट्टी स्वतः आत सरकवली. ती अलगद गेली आणि अलगद निघाली.

"एवढ्याशानं?"

"एवढ्याशानं."

"पुन्हा मोजा."

काकांनी मोजलं.

"अजून एकदा."

मोजलं. वहिनींनी समोरची वही ओढली, पेन घेतलं, आणि खूण स्वतः केली. मग म्हणाल्या, "किल्ली द्या त्यांना. पण टेकडीवर मी शेजारी बसणार. तुम्ही नाही."

"वहिनी, तुम्हाला भीती..."

"वाटते ना. म्हणून तर."

पहिल्या फेरीत त्यांनी एका हातानं दाराची कडी आणि दुसऱ्या हातानं हँडब्रेक धरून ठेवला होता, असं दादानं नंतर सांगितलं. उतरताना तीनदा गाडी थांबवायला लावली आणि स्वतः उतरून चाकांपाशी हात धरला. दादानं तोंडातून ब्र काढला नाही. दुसऱ्या फेरीत हँडब्रेक सुटला. पुढे दर रविवारी सकाळी ती हिरवी गाडी टेकडीवर जायला लागली, आणि वहिनींनी डोक्याला बांधायला एक रुमालही शिवून घेतला, काकूंकडूनच.

असे काही महिने गेले. एका रविवारी काका जेवायला बसत होते, तेवढ्यात दादाचा फोन आला. आवाज इतका दबलेला की काका अर्धवट बसलेले उठून उभे राहिले.

"काय झालं? कुठे आहेस?"

"उतारावर. बाजूला घेतलीय गाडी."

"ब्रेक?"

"ब्रेक उत्तम आहेत रे. हळू बोल." दादा जवळजवळ कुजबुजत होता. "ही झोपलीय. चौथ्या वळणापासून गाढ झोपलीय. मला कळेना, तशीच नेऊ की उठवू?"

काका पुन्हा पाटावर टेकले.

"तशीच ने," ते म्हणाले. "पण हळू."